कृष्णेचे पाणी आणि चेन्नईची तहान

चेन्नईच्या पाण्याशी महाराष्ट्राचा करारबद्ध संबंध आहे, याची आठवण आज फारशी कोणी ठेवत नाही. 1976 मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातून प्रत्येकी 5 टीएमसी पाणी तेव्हाच्या मद्रास शहराला पिण्यासाठी देण्याचे मान्य केले. 1983 मध्ये एन. टी. रामाराव व एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारांत करार झाला, ‘तेलुगू गंगा’ प्रकल्प उभा राहिला आणि 1996 मध्ये कृष्णेचे पाणी पूंडी जलाशयात पोहोचले. गळती व बाष्पीभवन वजा जाता 12 टीएमसी तमिळनाडूच्या सीमेवर मिळावयाचे. प्रत्यक्षात तेवढे क्वचितच मिळाले.

याच कृष्णा खोऱ्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून गलाईच्या धंद्यासाठी घरे सोडलेली मराठी माणसे दक्षिणेत सर्वत्र विखुरली. चेन्नईच्या सौकारपेठेतही ती आहेत. गावी पाणी नाही म्हणून निघालेल्यांनी 2019 च्या उन्हाळ्यात चेन्नईत टँकरची वाट पाहावी, हा योग विलक्षणच म्हणायचा. त्या जूनमध्ये शहराचे चारही प्रमुख जलाशय जवळजवळ कोरडे पडले. जुलैमध्ये जोलारपेट्टैहून पाण्याची रेल्वे आणावी लागली. मिरजेहून लातूरला 2016 मध्ये धावलेल्या ‘जलदूत’चीच ही पुनरावृत्ती होती. फरक एवढाच, की लातूर पर्जन्यछायेत आहे, तर चेन्नईत वर्षाला सुमारे 1400 मिलिमीटर पाऊस पडतो.

तेव्हा प्रश्न पावसाचा नाही. डिसेंबर 2015 मध्ये हेच शहर अड्यार नदीच्या पुरात बुडाले होते आणि चेंबरमबाक्कम जलाशयातील विसर्गाच्या हाताळणीवरून महालेखापरीक्षकांनी त्या आपत्तीला मानवनिर्मित ठरविले. पाणी साठविणारी जागाच शहराने गिळली. दक्षिणेकडील पळ्ळिकरणै पाणथळ एकेकाळी सुमारे पाच हजार हेक्टर पसरली होती. आज तिचा लहानसा अंशच शिल्लक आहे. कचराभूमी तेथेच, रस्ते तेथेच, माहिती तंत्रज्ञानाचे मनोरेही तिच्याच काठाने. 2022 मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला, पण पुढच्याच वर्षी ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या पावसात तो परिसर पुन्हा पाण्याखाली गेला.

जयललिता सरकारने 2003 मध्ये प्रत्येक इमारतीला पर्जन्यजल संधारण सक्तीचे केले, हे मात्र मान्य करावेच लागेल. भूजल त्याने वर आले. पुढे देखरेख सैल झाली आणि सरकारचे लक्ष समुद्राकडे वळले: मिंजूर, नेम्मेली, आता पेरूर. निःक्षारीकरणाचे पाणी हमखास असते, परंतु विजेच्या खर्चाने ते महाग पडते आणि तळी बुजविणाऱ्यांना कोणी जाब विचारत नाही. दुष्काळी तालुके तहानलेले ठेवून पाणी देणाऱ्या राज्याने या तळ्यांचा हिशेब मागितला, तर त्यास कोतेपणा म्हणता येणार नाही.

हिशेबाची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. 2015 च्या पुरानंतर नदीकाठची अतिक्रमणे हटविताना प्रथम हलविली गेली ती झोपडपट्टी. हजारो कुटुंबे शहराच्या टोकाला पेरुंबाक्कमच्या बहुमजली सदनिकांत नेण्यात आली. ती वसाहतही सखल, पाणथळ पट्ट्यातच! मोलकरणी, हमाल, रोजंदारीवरील मजूर यांची कामे जुन्या शहरात राहिली, मुलांच्या शाळा सुटल्या आणि पूर तिकडेही आला. तळ्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या मोठ्या इमारतींना एवढी तत्परता क्वचितच वाट्याला आली.

मुंबईने यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. तानसा जलवाहिनीलगतच्या रहिवाशांना हटवून माहुलमध्ये रिफायनरींच्या शेजारी ठेवण्यात आले. शहराची जलवाहिनी सुरक्षित झाली आणि रहिवासी विषारी हवेत गेले. त्यांना अन्यत्र घर वा दरमहा 15 हजार रुपये भाडे देण्याचा आदेश 2019 मध्ये उच्च न्यायालयाला द्यावा लागला.