कन्सोल कोणत्या नियमाने काढून घेतलात?

मुंबईहून सुटणाऱ्या आमच्या क्रूझच्या कंपनीतील प्रवासी सेवा प्रमुखांस,

बंदरावर माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाचा गेम कन्सोल तुमच्या माणसांनी कोणत्या नियमाखाली काढून घेतला, हे मला लेखी हवं आहे. मेल करून झाले, फोन करून झाले, रजिस्टर्ड पत्रही पाठवून झालं. ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ याच्या पुढे तुमचं कार्यालय एक पाऊल सरकलेलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर विचारते आहे.

तिकिटासोबत तुम्ही पाठवलेली बंदी असलेल्या वस्तूंची यादी माझ्यापुढे आहे. इस्त्री, किटली, मेणबत्त्या, एक्स्टेन्शन बोर्ड, चाकू-सुऱ्या. गेम कन्सोल तीत कुठेही नाही. तरी खात्री करावी म्हणून निघण्याआधी फोन केला, तर ‘खुशाल आणा मॅडम’ असं उत्तर मिळालं. आणि स्कॅनरपाशी कारण सांगितलं गेलं ते ‘इलेक्ट्रिकल लोड’चं.

लोडचाच हिशेब करू. मुलाकडे निन्टेन्डो स्विच आहे. कंट्रोलर धरून वजन ४०० ग्रॅमच्या आत. त्याच्या अडॅप्टरवर छापलेलं आहे १५ व्होल्ट, २.६ अँपिअर, म्हणजे जास्तीत जास्त ३९ वॉट. बॅटरी ४,३१० एमएएचची, साधारण १६ वॉट-अवर. विमानाच्या केबिनमध्ये १०० वॉट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी वेगळी परवानगी न घेता नेता येते. माझ्या नवऱ्याचा लॅपटॉप त्याच स्कॅनरमधून पुढे गेला, त्याचा चार्जर ६५ वॉटचा. आणि केबिनच्या बाथरूममध्ये तुम्हीच ठेवलेल्या हेअर ड्रायरवर १,६०० वॉट लिहिलं होतं. त्या एका ड्रायरच्या विजेवर असे ४० स्विच चालतील. भिंतीच्या प्लगवर चालणारा मोठा प्लेस्टेशन ५ घेतला, तरी त्याच्या पहिल्या मॉडेलवर ३५० वॉट लिहिलेले असतात. कुठला लोड वाचवलात तुम्ही?

मला जहाजातलं काय कळतं, असं म्हणून हे पत्र बाजूला ठेवू नका. माझा भाऊ मर्चंट नेव्हीत इलेक्ट्रिकल ऑफिसर आहे. आमच्या रत्नागिरीकडे बोटीवर जाणारं माणूस नाही असं घर शोधावं लागतं. हाच स्विच त्याने सिंगापूरहून आणला, तोही जहाजातूनच. मालवाहू जहाजावर ड्युटी संपली की त्याच्या केबिनमध्ये तो महिनोन् महिने चालत होता, आणि तिथल्या कुठल्याही कॅप्टनला त्यात धोका दिसला नाही.

खरा धोका कशात असतो, हे त्यानेच मला समजावलं. घरी एक तार फेजची आणि दुसरी न्यूट्रल. जहाजावर बहुतेक वेळा न्यूट्रल जहाजाच्या लोखंडाला जोडलेलाच नसतो, त्यामुळे प्लगमधल्या दोन्ही तारा जिवंत असतात. घरासाठी बनवलेला सर्ज प्रोटेक्टर बिघाड झाल्यावर एकच तार तोडतो, दुसरीत वीज राहते, तो तापतो आणि पेटू शकतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिलेला आहे. समुद्रात आग लागली तर पळायला जागा नसते, हे मला पुरतं कळतं. म्हणून सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड काढून घ्या. वायफायचा राउटर काढून घ्या. मी एका शब्दाने बोलणार नाही. पण स्विचमध्ये यातलं काय आहे? तो चार्ज करून ठेवला की प्लगसुद्धा लागत नाही. तुमच्या टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट कुलूपबंद असला तरी चालतं. मागचा स्टँड उघडायचा, टेबलावर ठेवायचा, दोन्ही बाजूंचे कंट्रोलर काढून दोघांनी खेळायचं. गेम घरूनच डाउनलोड केलेले होते, म्हणजे तुमचं सॅटेलाइट इंटरनेटही नको होतं.

‘समुद्रावर आल्यावर गेम कशाला?’ असं तुमचा अधिकारी माझ्या मुलासमोर म्हणाला. हे ठरवणारे तुम्ही कोण? तुमचा मुलांचा क्लब बाराव्या वर्षी संपतो. बार आणि कॅसिनो मोठ्यांसाठी. मधल्या वयाच्या मुलाने संध्याकाळनंतर काय करायचं, याचा तुमच्या जहाजावर कुणी विचारच केलेला नाही. वाऱ्यामुळे डेक बंद ठेवला, त्या दिवशी माझ्या सासूबाईंना बोट लागली होती. त्यांच्याजवळ बसून मामेभाऊ-मामेबहिणींबरोबर खेळता यावं, म्हणून तर त्याने तो आणला होता. कुटुंबाची सहल म्हणून आम्ही पैसे भरले, आणि मुलं पैसे टाकून तुमच्या आर्केडमध्ये उभी राहिली. घरचा खेळ बंद आणि विकतचा खेळ सुरू, असा हा नियम आहे का? तसं असेल तर तसं छापा.

काढून घेताना पावती दिली नाही. केबिन नंबरची एक चिठ्ठी तेवढी चिकटवली. सिरियल नंबर लिहून घ्या, असं मुलगा सांगत होता, त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही. उतरताना कन्सोल परत मिळाला तो डाव्या जॉय-कॉनशिवाय, म्हणजे डाव्या बाजूच्या कंट्रोलरशिवाय. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेऊन पावती न देण्याला मी सुरक्षा म्हणणार नाही.

सेवेच्या अटी आधी कळणं हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ने दिलेला हक्क आहे. तुम्ही पैसे घेताना एक यादी दिलीत आणि गेटवर दुसरी लावलीत. दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग उघडण्याआधी यादीत स्पष्ट लिहा: हातातला कन्सोल चालेल की नाही, टीव्हीला जोडायचा चालेल की नाही, किती वॉटपर्यंत, आणि नाही तर का नाही. जे ताब्यात घ्याल त्याची सिरियल नंबरसकट पावती द्या.

पंधरा दिवस वाट पाहीन. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि त्यानंतर ग्राहक आयोग. कागद तयार आहेत. हरवलेल्या जॉय-कॉनचा सिरियल नंबर माझ्या पहिल्याच पत्रात आहे, तो शोधा आणि माझ्या मुलाच्या नावाने पाठवा, माफीच्या पत्रासह.

आपली,
रत्नागिरीची एक प्रवासी