संकटाची किंमत कोण मोजतो? : किशोरांच्या साहसकथांविषयी काही विचार

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या साहसकथांविषयी आपल्या कार्यकर्त्यांत दोन मते ऐकू येतात आणि दोन्ही मते वैचारिक आळसातून जन्मलेली आहेत. एक मत असे की, हे सारे वाङ्मय म्हणजे बाजारी करमणूक. वास्तवापासून मुलांचे लक्ष उडवण्याचे साधन. दुसरे मत असे की, मूल काहीतरी वाचते आहे, एवढेच पुष्कळ. पहिल्या मताचे कॉम्रेड मुलांच्या हाती थोर पुरुषांची चरित्रे देतात आणि मुले ती आदराने कपाटात ठेवून देतात. दुसऱ्या मताचे कॉम्रेड पुस्तक उघडूनही पाहत नाहीत.

तेरा ते सोळा वर्षांच्या मुलाला संकटाची ओढ असते, आणि ती निरोगी आहे. घर, शाळा, परीक्षा, सर्वत्र त्याच्या वतीने निर्णय इतरांनीच घेतलेले असतात. साहसकथेत मात्र वडीलधारी माणसे दूर गेलेली असतात आणि निर्णय त्याच्याच वयाच्या कोणाला तरी घ्यावा लागतो. ही ओढ दडपून चालणार नाही. विचारायचे ते एवढेच की, कथेतील संकट येते कोठून आणि त्याची किंमत पडते कोणाच्या पदरी?

इंग्रजी साम्राज्याच्या भरभराटीच्या काळात हा वाङ्मयप्रकार फोफावला, हा योगायोग नव्हे. बॅलंटाइनच्या ‘कोरल आयलंड’मध्ये तीन इंग्रज मुले पॅसिफिक महासागरातील बेटावर अडकतात. तेथले संकट म्हणजे समुद्रचाचे आणि नरभक्षक ‘रानटी’ लोक. तेथले समाधान म्हणजे मिशनऱ्याचे आगमन. मुले धीट आहेत, आनंदी आहेत. परंतु आपण त्या बेटावर कोणत्या अधिकाराने उभे आहोत, हा प्रश्न त्यांना स्पर्शही करीत नाही. स्टीव्हन्सन कितीतरी मोठा कलावंत. 1883 मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘ट्रेझर आयलंड’मध्ये जिम हॉकिन्सला खजिना मिळतो, पण त्या बेटावर पुन्हा पाऊल ठेवण्याची त्याची तयारी नाही. एवढा प्रामाणिकपणा त्या परंपरेत विरळाच. तरीही तो खजिना मुळात कोणाकडून लुटलेला, हे विचारायला तेथे कोणालाच सवड नाही.

जूल व्हर्नची गोष्ट निराळी आहे. मराठीत भा. रा. भागवतांनी त्याच्या अनेक कथा रूपांतरित केल्यामुळे आपल्या वाचकांना तो परका नाही. त्याची ‘पंधरा वर्षांचा कप्तान’ ही कादंबरी 1878 सालची. देवमाशाच्या शिकारीत कप्तान आणि खलाशी बुडतात आणि ‘पिलग्रिम’ जहाजाची जबाबदारी उमेदवार खलाशी डिक सँडवर येते. आचारी नेगोरो होकायंत्राखाली लोखंड दडवतो. मुलाला वाटते की आपण दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला, बोलिव्हियाला लागलो (त्या काळी बोलिव्हियाला समुद्रकिनारा होता). प्रत्यक्षात जहाज लागलेले असते अंगोलाला. तेथे संकट वादळाचे नाही, श्वापदांचेही नाही. ते आहे गुलामांच्या व्यापाराचे. नेगोरो दुष्ट आहे, पण त्याच्या दुष्टपणामागे एक बाजार आहे, त्या बाजाराला दलाल आहेत, भाव आहेत, हे व्हर्न मुलांना तपशिलाने दाखवतो. जहाजावरचे स्वतंत्र अमेरिकन निग्रो प्रवासी त्याच बाजारात विकले जातात. आफ्रिकी माणसाविषयी व्हर्नच्या मनातील वरचढपणाची भावना ठिकठिकाणी डोकावते आणि ती झाकण्याचे कारण नाही. परंतु किशोर वाचकाला नफ्याचा चेहरा दाखवणारी इतकी थरारक कथा त्या काळात दुसरी सहज सापडणार नाही.

व्हर्नचा डिक सँड चुकतो तो फसवला गेल्यामुळे. स्वतःच्या चुकीचे ओझे वाहणारा नायक हवा असेल, तर अर्कादी गैदारच्या ‘शाळा’ या 1930 च्या कादंबरीकडे वळावे लागते. गैदारचे नाव घेतले की आपल्याकडे ‘तिमूर आणि त्याची टोळी’ आठवते. ते पुस्तक गोड आहे. पण माझ्या मते ‘शाळा’ अधिक मोलाची. अर्झामासचा शाळकरी मुलगा बोरिस. आघाडीवरून पळालेल्या त्याच्या वडिलांना झारच्या राजवटीत गोळी घालण्यात आली आहे. त्यांचे माउझर पिस्तूल घेऊन तो लाल सैनिकांच्या शोधात निघतो. वाटेत त्याच्या हातून मरतो तो एक कॅडेट, जवळपास त्याच्याच पिढीचा मुलगा. पुढे अनुभवी टेहळ्या चुबुक त्याला आपल्या पंखाखाली घेतो. एके दिवशी चुबुक विसावलेला असताना पहाऱ्यावरचा बोरिस जागा सोडून नदीत पोहायला जातो. दिवस उन्हाचा आहे, पाणी जवळ आहे, मुलगाच तो. तेवढ्यात दोघेही शत्रूच्या हाती लागतात. बोरिसच्या अंगावरील कोटातल्या कागदांमुळे गोरे अधिकारी त्याला मृत कॅडेटच समजतात आणि आपला म्हणून वागवतात. चुबुक हे पाहतो. गोळी घातली जाण्यापूर्वी तो बोरिसकडे पाहून थुंकतो. खुलासा करण्याची संधी बोरिसला कधीच मिळत नाही.

मुलांच्या पुस्तकात असे लिहिण्याला धैर्य लागते. बोरिस भित्रा नाही, फितूर नाही. क्षणभर बेपर्वा झाला आणि किंमत दुसऱ्याने मोजली, एवढेच. बाजारी साहसकथेत नायकाची बेपर्वाई नेहमी फळाला येते. म्हणूनच ती कथा खोटी.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. मुलाच्या हाती पिस्तूल देणाऱ्या कथा आजच्या मुलांना द्याव्यात काय? अठरा वर्षांखालील मुलांना युद्धात वापरण्याविरुद्ध संयुक्त राष्ट्रसंघाने 2000 साली करार स्वीकारला, तो योग्यच आहे. पण गैदार हा रंगभूमीवरचा शिपाई नव्हता. 1904 मध्ये जन्मलेला हा माणूस पंधराव्या वर्षाच्या आतबाहेर लाल सैन्यात गेला, सतराव्या वर्षी रेजिमेंटचा कमांडर झाला आणि 1924 मध्ये युद्धाच्या मानसिक आघातामुळे सेवामुक्त झाला. त्यानंतर त्याने लेखणी धरली. त्याच्या पानांवर बंदुकीचा गौरव शोधणाऱ्याने चुबुकचा प्रसंग पुन्हा वाचावा.

आपल्या मराठीत काय आहे? फुरसुंगीचा बनेश, म्हणजेच फास्टर फेणे, हा भागवतांनी निर्माण केलेला चपळ, प्रसन्न मुलगा. त्याच्यावर नाक मुरडणारे मला रुक्ष वाटतात. मात्र त्याची संकटे बहुतेक चोर, तस्कर, बदमाश यांच्याकडून येतात आणि ते पकडले गेले की जग पूर्ववत सुरळीत होते. दुसऱ्या टोकाला आहेत हुतात्म्यांच्या पुस्तिका. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारमध्ये पोलिसांच्या गोळीबारात पडलेला शिरीषकुमार अवघा पंधरा वर्षांचा होता. ओरिसातील ढेंकानाल संस्थानात 1938 मध्ये पोलिसांना नदीपार नेण्यास नकार देणारा नावाडी बाजी राऊत तर बारा वर्षांचा. अशा मुलांवरच्या ज्या पुस्तिका माझ्या वाचनात आल्या, त्यांत ही मुले पहिल्या पानापासूनच हुतात्मा असतात. त्यांना भूक लागत नाही, भीती वाटत नाही, घरी जावेसे वाटत नाही. त्या रात्री बाजी राऊत नावेपाशी एकटा असताना त्याच्या मनात काय चालले असेल, हे लिहिण्याचे धाडस कोणा लेखकाने करावे.

मॉस्कोच्या ‘प्रगती’ आणि ‘रादुगा’ या प्रकाशनसंस्थांची मराठी पुस्तके 1991 नंतर येईनाशी झाली. आता ती जुन्या पुस्तकांच्या दुकानांत, नशीब असेल तर सापडतात. ‘शाळा’ आज पुन्हा मराठीत आणायची, तर ती छापील रशियन मराठीत न आणता बोलत्या मराठीत आणली पाहिजे. बोरिसने चुबुकला काय म्हणावे, हा अनुवादकापुढचा पहिला प्रश्न. ‘कॉम्रेड’ म्हटले तर वाक्य सभेतले वाटते. आपल्याकडचा मुलगा अशा माणसाला ‘काका’ म्हणेल, आणि एकदा ‘काका’ म्हटले की तो शेवटचा प्रसंग मराठीत वाचायला आणखी जड जाईल. तसाच तो जायला हवा.