एक मेज, दोन संगणक

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली. मी धान्याचा घाऊक व्यापारी, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. यंत्रविद्येवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु ज्या वस्तूने माझ्या पेढीत एकदा नुकसान केले आणि पुढे मोठी सोयही केली, तिच्याविषयी अनुभवाचे बोल व्यापारी बंधूंना अस्थानी वाटणार नाहीत, असा भरवसा आहे.

१४ एप्रिल २०१६ रोजी ई-नामची व्यवस्था सुरू झाली आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. तेव्हापासून आपले निम्मे काम वहीवरून पडद्यावर गेले. आमच्या पेढीत दोन संगणक आहेत. एकावर कीर्द-खतावणी, कर आणि बँक. दुसऱ्यावर बाजारभाव, लिलावाची बोली आणि टपाल. खर्च वाचवण्यासाठी अनेक बंधू ही सर्व कामे एकाच संगणकावर आणतात. हे मला मान्य नाही. ज्या दारातून अनोळखी माणसाची पत्रे येतात, त्याच दारात कोणी तिजोरी ठेवीत नाही.

परंतु दोन संगणक म्हणजे दुप्पट पडदे असे नव्हे. बिल एका पडद्यावर आणि खाते दुसऱ्यावर पाहावयाची एकदा सवय झाली की एका पडद्यावर भागत नाही, हे खरे. माझ्या पुतण्याने चार पडदे मागितले. मेजावर ते मावले असते, तर हिशेबाचे कागद मांडीवर घ्यावे लागले असते! यावर उपाय म्हणजे केव्हीएम स्विच. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस यांची आद्याक्षरे मिळून हे नाव झाले. कळ दाबली की तेच दोन पडदे, तोच कीबोर्ड आणि तोच माउस दुसऱ्या संगणकाच्या सेवेस हजर होतात. जुन्या मुनीमजींच्या एकाच उतरत्या मेजावर रोजकीर्द आणि खतावणी आळीपाळीने उघडत, तसाच हा प्रकार.

आता फसगत कोठे होते ते सांगतो. एका विक्रेत्याने ‘कोणताही चालतो’ असे सांगून आम्हांस एकाच पडद्याचा स्विच दिला. दोन पडद्यांसाठी दोन पडद्यांचाच स्विच लागतो. प्रत्येक संगणकाकडून दोन चित्रवाहक तारा व एक यूएसबी तार, आणि स्विचकडून पडद्यांकडे दोन, अशा एकूण आठ तारा होतात. शिवाय प्रत्येक संगणकाला मुळातच दोन पडद्यांची जोडणी असली पाहिजे. स्विच ती निर्माण करीत नाही. फोर-के पडदा असेल, तर जुन्या एचडीएमआय १.४ प्रकारावर चित्र सेकंदाला तीसच वेळा बदलते. साठ वेळांसाठी एचडीएमआय २.० हवा.

दुसरा स्विच घेतला, तोही स्वस्तातला. पडदा आपली ओळख संगणकास कळवीत असतो. तिला ईडीआयडी म्हणतात. स्विचने ती ओळख धरून ठेवली नाही, तर कळ दाबताच संगणकाला पडदा काढून नेल्यासारखे वाटते आणि उघडलेल्या खिडक्या अस्ताव्यस्त होतात. एके दिवशी लिलाव चालू असता मी तुरीचे बिल नोंदवण्यासाठी हिशेबाच्या संगणकाकडे वळलो. पडदा काही क्षण काळा राहिला म्हणून कळ पुन्हा दाबली. खिडक्या विस्कटलेल्या, घाईत मी दर टंकला आणि पक्का केला. मी होतो बोलीच्याच संगणकावर! हरभऱ्याच्या ढिगाला तुरीचा दर लागला. बोली आमची, म्हणून माल उचलला आणि तोटा सोसला. यंत्र सदोष होते. परंतु न पाहता कळ दाबणारा हात माझा होता.

तेव्हापासून पेढीत तीन नियम आहेत. दोन्ही संगणकांची पार्श्वभूमी भिन्न रंगाची: हिशेबाची हिरवी, बाजाराची तांबडी. लिलाव संपेपर्यंत स्विचला हात लावावयाचा नाही. आणि स्विचवर जी जादा यूएसबी जागा असते, तीत पेनड्राइव्ह लावावयाचा नाही. कळ फिरताच तो दुसऱ्या संगणकास जोडला जातो आणि ज्या भिंतीसाठी दोन संगणक घेतले तिलाच भोक पडते.

कोणी म्हणेल, चांगल्या स्विचच्या किमतीत एखादा साधा पडदाच येतो. मग बचत कोठे? आक्षेप रास्त आहे. ज्यांना दिवसातून एकदोनदाच बदल करावयाचा, त्यांनी स्विच घेऊच नये. बहुतेक पडद्यांना दोन जोडण्या असतात. पडद्यावरचीच कळ दाबावी आणि कीबोर्ड-माउसपुरता साधा यूएसबी स्विच वापरावा. परंतु जेथे तासातून दहा वेळा इकडून तिकडे जावे लागते, तेथे बचत पैशाची नसून मेजाची, मानेची आणि लक्षाची आहे.

पूर्वीचे मुनीम एक वही मिटल्याखेरीज दुसरीत लेखणी बुडवीत नसत. ती शिस्त कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. तरुण बंधूंनी उत्तम यंत्र अवश्य घ्यावे. मात्र आपल्यासमोर कोणती वही उघडी आहे, हे पाहूनच बोट उचलावे, एवढीच माझी नम्र विनंती आहे.