नदीची निळी रेषा, लाल रेषा



मागच्या एप्रिलमध्ये आमच्या घरी एकच विषय होता. प्लॉट! भाड्याच्या घरात किती दिवस राहायचं, आता आपलं स्वतःचं घर हवं, असं आम्ही ठरवलं आणि एक प्लॉट पाहायला गेलो. जागा छान, सपाट. पलीकडे धाम नदीकडे उतरत गेलेलं वावर. आणि किंमत इतर प्लॉटांपेक्षा बरीच कमी! उन्हाळा होता, नदीत बारीक धार तेवढी वाहत होती. दलालाने हात लांब करून दाखवलं, "मॅडम, नदी कुठं अन् तुम्ही कुठं!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेत मी ही गोष्ट वर्गात सहज सांगितली. तर चौथीतला एक मुलगा उभा राहिला. "मॅडम, तिथं तं पूर येते! आमची बंडी वाहून गेली होती."

लगेच दुसरा म्हणाला, "पण माझे आजोबा म्हणते, असा पूर पंचवीस वर्षांत एकदा येते. आता येऊन गेला, आता काही भेव नाही."

आता सांगा, मी कोणाचं ऐकावं? तुम्ही काय सांगितलं असतं?

याचं उत्तर शोधताना मला दोन रेषा भेटल्या. एक निळी आणि एक लाल. त्या जमिनीवर दिसत नाहीत, नकाशावर असतात. त्यांना म्हणतात पूररेषा. आपल्या राज्याचा जलसंपदा विभाग त्या आखतो. या रेषांचे नियम 1989 पासून आहेत.

सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पसरेल, ती साधारणपणे निळी रेषा. सरासरी 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या पुराचं पाणी जिथवर जाईल, ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधली जागा म्हणजे निषिद्ध क्षेत्र. तिथे घरं बांधायची नाहीत. शेती, बाग, खेळाचं मैदान चालेल. निळ्या आणि लाल रेषेच्या मधलं ते नियंत्रित क्षेत्र. तिथे बांधायचंच झालं तर नियम पाळून, जोतं उंच घेऊन.

रेषा आखतात कशा? अनेक वर्षांच्या पावसाच्या आणि नदीच्या पातळीच्या नोंदी तपासतात. नदीचं पात्र किती रुंद, किती खोल, ते मोजतात. मग अमुक इतकं पाणी आलं तर ते किती उंच चढेल, याचं गणित करतात. ती उंची जमिनीला जिथे जिथे टेकते, तिथे तिथे रेषा! म्हणून ती सरळ नसते. काठ उंच असेल तिथे नदीला खेटून जाते, जमीन सपाट असेल तिथे लांबवर पसरते. नाल्यात तर आतपर्यंत शिरते, कारण नदी भरली की नाल्याचं पाणी पुढे जाऊ शकत नाही, ते मागे फुगतं.

म्हणजे पाहा, "नदी किती लांब?" हा प्रश्नच चुकीचा. "जागा किती उंच?" असं विचारायला हवं. दलालाचा हात लांबी दाखवत होता, उंची नाही!

पण आजोबांचं काय? येऊन गेला, म्हणजे आता पंचवीस वर्षं सुट्टी?

त्यासाठी आम्ही वर्गात एक खेळ खेळलो. तुम्हीही खेळा. 25 चिंचोके घ्या. एकाला निळी शाई लावा. सगळे एका डब्यात टाका, हलवा आणि न बघता एक काढा. निळा आला तर त्या वर्षी पूर. साधा आला तर पूर नाही. आता लक्ष द्या. काढलेला चिंचोका परत डब्यात टाकायचा, पुन्हा हलवायचं, पुन्हा काढायचा. असं 30 वेळा, म्हणजे 30 वर्षं.

वर्गात दहा जोड्या होत्या. त्यांपैकी आठ जोड्यांना निळा चिंचोका निदान एकदा तरी आलाच. एका जोडीला तर चौथ्या आणि पाचव्या वर्षी लागोपाठ आला! "मॅडम, यानं लबाडी केली," असा आरडाओरडा झाला. पण लबाडी नव्हती. डब्याला काय माहीत, मागच्या वर्षी काय निघालं होतं ते! नदीलाही ते माहीत नसतं.

हिशोब सांगतो की निळ्या रेषेवरच्या 100 घरांपैकी सुमारे 71 घरांना 30 वर्षांत निदान एकदा तरी पूर गाठेल. आणि लाल रेषेवरच्या 100 पैकी सुमारे 26 घरांना. "शंभर वर्षांतून एकदा" हे ऐकायला किती लांबचं वाटतं! पण त्याचा अर्थ एवढाच, की दर वर्षी शंभरातला एक चिंचोका लाल आहे.

खोटं वाटत असेल तर कोल्हापूरची पंचगंगा पाहा. 2005 मध्ये तिला महापूर आला. 2019 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा आला. आणि मग दोनच वर्षांनी, 2021 च्या जुलैमध्ये, परत!

अमेरिकेत असे नकाशे विम्यासाठी वापरतात. विमा म्हणजे दर वर्षी थोडे पैसे भरायचे आणि नुकसान झालं तर भरपाई मिळवायची. तिथे 1968 मध्ये सरकारने पुराच्या विम्याची योजना सुरू केली. त्यांच्या नकाशांवर जास्त धोक्याच्या भागांची नावं 'ए' किंवा 'व्ही' या अक्षराने सुरू होतात. 'व्ही' म्हणजे समुद्रकाठ, जिथे लाटांचाही मारा बसतो. कमी धोक्याचा भाग 'एक्स'. 'ए' किंवा 'व्ही' भागात बँकेच्या कर्जाने घर घ्यायचं तर सहसा पुराचा विमा काढावाच लागतो. पण तिथेसुद्धा 'एक्स' म्हणजे धोका शून्य नव्हे बरं का!

आपल्या धामेचं पाणी वणा नदीतून वर्धा नदीला मिळतं. त्याच वर्धा नदीकाठी, पण पुष्कळ वर, नागपूर जिल्ह्यात मोवाड आहे. 30 जुलै 1991 रोजी पुराने मोवाडला वेढलं आणि 204 माणसं गेली. आमच्याकडची मोठी माणसं आजही ते नाव काढलं की गप्प होतात.

मी हे सांगितलं तेव्हा वर्गही गप्प झाला. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, आमचं घर नदीकडंच आहे. आमचं चुकलं का?"

नाही गं बाळा! कोणाला जागा तिथेच मिळते, कोणाला तेवढीच परवडते. नकाशा कोणाला दोष द्यायला नसतो, वेळेवर सावध करायला असतो. प्रत्येक गावापाशी या रेषा अजून आखलेल्याही नाहीत. मग आपण काय करायचं? आम्ही फळ्यावर चार कामं लिहिली.

एक, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आजवरचं सगळ्यात उंच पाणी कुठवर आलं होतं? देवळाच्या कितव्या पायरीला? कोणत्या भिंतीला? ती खूण वहीत उतरवा. दोन, गवंडीकाका पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरून दोन जागांची उंची ताडून पाहतात. मोठ्यांना सोबत घेऊन त्यांच्याकडून ती खूण आणि आपला उंबरठा ताडून घ्या. तीन, रेशनकार्ड, सातबारा, दाखले प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उंचावर ठेवा. चार, पाणी चढलं तर कोणत्या रस्त्याने उंच जागी जायचं आणि आजीचा हात कोणी धरायचा, हे आजच ठरवा. पूर पाहायला नदीवर किंवा पुलावर मात्र मुळीच जायचं नाही!

आणि आमचा प्लॉट? ऑगस्टमध्ये, आठ दिवसांच्या झडीनंतर पाऊस उघडला, तेव्हा आम्ही पुन्हा तिकडे चक्कर मारली. रस्त्यावरूनच दिसलं. मधला नाला फुगला होता आणि आम्ही जिथे स्वयंपाकघर काढणार होतो, तिथे बेडूक ओरडत होते. आम्ही अजून भाड्याच्याच घरात आहोत.

त्याच आठवड्यात ती मुलगी माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "मॅडम, बाबांनी कागदाची पेटी माळ्यावर ठेवली. अन् आजीचा हात मी धरणार आहे."

तुमच्या घरी कोण धरणार आहे? आज रात्री जेवताना विचारा.

तुमच्या मॅडम