जास्तीची खोली

एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला कल्याणकारी राज्य शिकवले ते ब्रिटनचे उदाहरण घेऊन. १९४२ चा बेव्हरिज अहवाल आम्हाला पाठ होता. त्या अहवालाने विवाहित स्त्रीला नवऱ्याची आश्रित धरले होते, हा प्रश्न मात्र परीक्षेत कधी आला नाही. आज मारहाण सोसून आलेल्या बायकांबरोबर काम करताना त्या देशातल्या घरभाड्याच्या मदतीचे बदललेले नियम वाचते, तेव्हा ती धारणा अजून शाबूत दिसते.

तिथे कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, मालकीची भाड्याची घरे असतात. कमी उत्पन्नाच्या भाडेकरूला भाड्यापुरती सरकारी मदत मिळते. १ एप्रिल २०१३ पासून नियम आला : झोपायची एक खोली जास्त असेल तर भाड्याच्या १४ टक्के मदत कापायची, दोन वा अधिक असतील तर २५ टक्के. पेन्शनच्या वयाच्या लोकांना सूट. लोकांनी त्याला नाव ठेवले ‘बेडरूम टॅक्स’. मोठी घरे मोकळी होऊन मोठ्या कुटुंबांना मिळतील, असे सरकारचे म्हणणे. ऐकायला रास्त. पण हलायला लहान घरे पुरेशी होती कुठे? मग एकतर पोटाला चिमटा घ्या, नाहीतर भाडे थकवा. स्कॉटलंडच्या सरकारने ही तूट स्वतःच्या तिजोरीतून भरली, म्हणजे इच्छा असती तर टाळता येत होते.

खोल्या मोजणाऱ्याला घर कळत नाही. कोर्टाच्या कागदांत जिला फक्त ‘ए’ म्हटले आहे, त्या बाईचेच पाहा. तिच्या जिवावर उठलेल्या पुरुषापासून रक्षण व्हावे म्हणून घरात एक भक्कम खोली तयार करून दिली होती, तीही सरकारी योजनेतूनच. हल्ला झाला तर आत शिरून दार लावून घ्यायचे. घर तीन खोल्यांचे, राहणार ती आणि मुलगा. हिशेबात एक खोली जास्त, कापा १४ टक्के! कौन्सिलच्या ऐच्छिक अनुदानातून तूट भरून निघते, हा सरकारचा बचाव. म्हणजे हक्काचे होते त्यासाठी आता अर्ज करायचा आणि मर्जीची वाट पाहायची. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती पाच विरुद्ध दोन मतांनी हरली. त्या दोघांत लेडी हेल होत्या, तेव्हा त्या न्यायालयातल्या एकमेव स्त्री न्यायाधीश. २०१९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. अशा घरांना सूट मिळाली १ ऑक्टोबर २०२१ ला. नियम आल्यापासून साडेआठ वर्षांनी!

दुसरा बदल ‘युनिव्हर्सल क्रेडिट’चा. पूर्वी कौन्सिलच्या भाडेकरूची मदत परस्पर भाड्यात वळती व्हायची. आता ती इतर भत्त्यांबरोबर सहसा महिन्यातून एकदा, जोडप्याच्या एकाच खात्यात येते. पहिली रक्कम हाती पडायला पाच आठवडे. खाते त्याचे असले आणि भाड्याचे पैसे त्याने उडवले, तर भाडेकरार दोघांच्या नावे म्हणून थकबाकी तिच्याही डोक्यावर. रक्कम विभागून मिळू शकते, पण अपवाद म्हणून आणि मागितल्यावर. मागितली की त्याच्या खात्यातली रक्कम घटणार, म्हणजे त्याला कळणारच. कळल्यावर काय होते, हे या अंकाच्या वाचक मैत्रिणींना मी सांगायला नको.

घराच्या कागदावर बाईचे नाव हवे म्हणून आपण इकडे भांडत आलो. मला वाटते, भाडेकरू बाईसाठी खात्याचे नावही तितकेच महत्त्वाचे. तिने मागावे लागू नये, पहिल्या दिवसापासून दोघांची रक्कम वेगळी यावी आणि भाडे थेट घरमालकाकडे जावे.