पोटोबा झाला, विठोबाचे काय?

'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. शाळेच्या बाबतीत तिचा अर्थ सरळ आहे. पोर उपाशी असेल, आजारी असेल, तर फळ्यावरचे अक्षर त्याच्या डोक्यात शिरणार नाही. हे कुणाला पटवून द्यावे लागत नाही. पण पोट भरले, दुखणे गेले, पोर रोज शाळेत येऊन बसू लागले, म्हणजे ते आपोआप शिकते काय? या प्रश्नाचे उत्तर आफ्रिकेतल्या काही शाळांनी दिले आहे, आणि ते सीमाभागातल्या प्रत्येक आईबापाने ऐकावे असे आम्हांस वाटते.

केनियाच्या पश्चिम टोकाला बुसिया नावाचा जिल्हा आहे. तोही सीमेवरचाच. पलीकडे युगांडा, जवळच व्हिक्टोरिया सरोवर. घरात लुह्या किंवा तेसो भाषा, बाजारात स्वाहिली आणि वरच्या वर्गांच्या पुस्तकांत इंग्रजी, अशी तिथल्या मुलांची तिहेरी ओढाताण. १९९८ साली या भागातल्या ७५ प्राथमिक शाळांत एक प्रयोग सुरू झाला. शाळांत मिळून तीस हजारांहून अधिक मुले होती. तपासणी झाली तेव्हा दहांपैकी नऊंहून अधिक मुलांच्या शरीरात कोणता ना कोणता जंत सापडला. अनवाणी पायांतून शिरणारा, रक्त शोषून मुलाला फिके पाडणारा जंत त्यात होता. तळ्याच्या पाण्यातून अंगात शिरणारा बिलहार्झियाही होता.

एकाच वेळी सगळ्या शाळांना औषध पुरवणे शक्य नव्हते. म्हणून शाळांचे तीन गट पाडले आणि गोळ्या पाळीपाळीने दिल्या. त्यामुळे औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांची तुलना आपोआपच झाली. एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध मिळालेल्या शाळांत मुलांची गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली होती. वर्षाकाठी एका मुलामागे खर्च आला तो अर्ध्या डॉलरच्या आसपास! २०१५ साली लंडनच्या संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून हिशेबातल्या काही चुका दाखवल्या, आणि शेजारच्या शाळांनाही या औषधाचा फायदा झाला की नाही यावर वाद रंगला. पुढे वीस वर्षांनी त्याच मुलांचा माग काढला, तेव्हा जास्त वर्षे औषध मिळालेल्यांची तासाची कमाई इतरांपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी अधिक आढळली, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. क्रेमर यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्यासमवेत मिळाले.

येथवरची गोष्ट बहुतेकांच्या कानावर असते. आम्हांला महत्त्वाची वाटते ती पुढची. मुले शाळेत येऊ लागली, पण परीक्षेतले त्यांचे गुण वाढले नाहीत! जंत गेले, हजेरी वाढली आणि गुणपत्रिका होती तिथेच राहिली. पोटोबा झाला, विठोबा काही भेटला नाही.

असे का व्हावे? याचा एक धागा त्याच भागातल्या दुसऱ्या प्रयोगात सापडतो. १९९६ पासून बुसिया आणि शेजारच्या तेसो भागात काही शाळांना सरकारमान्य पाठ्यपुस्तके फुकट वाटण्यात आली. चार मुलांत एक फाटके पुस्तक अशी तिथली तऱ्हा, त्यामुळे पुस्तके मिळताच निकाल सुधारणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती. निकाल आला तो वेगळाच. सरासरी गुण वाढले नाहीत. फायदा झाला तो फक्त आधीपासून वर्गात पुढे असलेल्या मुलांचा. कारण पुस्तके इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांच्या दृष्टीने इंग्रजी ही तिसरी भाषा होती. बऱ्याच मुलांना पुस्तक नीट वाचताच येत नव्हते. हातात पुस्तक असून ते बंदच राहिले.

आता पश्चिमेकडे नायजेरियात जाऊ. इले-इफे येथे १९७० साली प्राध्यापक बाबातुंदे फाफुन्वा यांच्या पुढाकाराने एक प्रयोग सुरू झाला. तिथली रीत अशी होती की पहिली तीन वर्षे योरुबा आणि नंतर सगळे इंग्रजीत. प्रयोगातल्या मुलांना मात्र सहाही वर्षे गणित, विज्ञान, समाजशास्त्र योरुबातून शिकवले आणि इंग्रजी हा स्वतंत्र विषय म्हणून, त्या विषयाच्या तयार शिक्षकाकडून शिकवला. सहा वर्षांनी पाहिले तर योरुबात शिकलेली मुले इतर विषयांत पुढे होतीच, इंग्रजीतही सरस ठरली.

कॅमेरूनमध्ये २००७ पासून कोम भाषिक भागात बारा शाळांतून पहिली तीन वर्षे कोम भाषेत शिकवले. तुलनेसाठी बारा शाळा इंग्रजीच्या. कोममधून शिकणारी मुले गणितातच नव्हे तर इंग्रजीतही पुढे गेली, आणि शाळा सोडण्याचे प्रमाणही त्यांच्यात कमी राहिले. पण चौथीला त्यांना इंग्रजीच्या वर्गात ढकलले आणि पाचवीपर्यंत ही आघाडी बरीचशी ओसरली. रोप धरते न धरते तोच उपटले तर दुसरे काय होणार?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. केनियातच नंतर मातृभाषेतून वाचन शिकवण्याचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात मुलांचे मातृभाषेतले वाचन सुधारले, पण इंग्रजी आणि स्वाहिलीत फरक दिसला नाही आणि गणितात मुले थोडी मागेच पडली. म्हणजे भाषा ही जादूची कांडी नव्हे. मातृभाषेची शाळा ही चांगली शाळाही असावी लागते. शिक्षक हवा, पुस्तक वेळेवर हवे, आणि गणिताला गणिताचा वेळ हवा.

मुलाचे आरोग्य म्हणजे केवळ पोट नव्हे, मनही त्यात येते. केनियाचे थोर लेखक न्गुगी वा थिओंगो (त्यांचे २०२५ साली निधन झाले) यांनी आपल्या शाळेतल्या दिवसांबद्दल लिहून ठेवले आहे. शाळेच्या आवारात गिकुयू ही आपली भाषा बोलताना सापडलेल्या मुलाला छड्या बसत किंवा 'मी मूर्ख आहे', 'मी गाढव आहे' अशा अर्थाची पाटी गळ्यात अडकवावी लागे. आईची भाषा हा गुन्हा ठरला की मूल पहिला धडा शिकते तो गप्प बसण्याचा. गप्प बसलेले मूल प्रश्न विचारत नाही, आणि प्रश्न न विचारणारे मूल हजेरीपटावर रोज 'हजर' असूनही वर्गात नसतेच.

आता आपल्या गावांकडे वळू. २०१५ पासून १० फेब्रुवारीला जंतनाशक दिन पाळला जातो, शाळा-अंगणवाडीतून गोळी मिळते. दुपारचा आहारही शाळेत शिजतो. पोटोबाची ही सोय चांगलीच आहे. गोळीच्या दिवशी पोर घरी ठेवू नका, असे आमचे सर्व पालकांना सांगणे आहे. पण विठोबाचे काय? १९५६ साली घटनेत घातलेले ३५० (अ) कलम सांगते की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय राज्याने करावी. ही मेहेरबानी नव्हे. मराठी मुलाला मराठी, तसे कन्नड मुलाला कन्नड आणि उर्दू मुलाला उर्दू, हाच न्याय सर्वांना लागू आहे. कुणाचे हिरावून घ्या असे आम्ही म्हणत नाही.

सरकारकडे बोट दाखवताना स्वतःकडेही पाहावे लागेल. मराठी शाळा गावात असताना पहिलीपासूनच इंग्रजी शाळेच्या गाडीत पोर चढवणारे आपणच आहोत. त्यामागची धडपड आम्हांस कळते. इंग्रजीवाचून नोकरी नाही, आणि इथे राहायचे तर कन्नडवाचून कचेरीतले काम अडते. दोन्ही भाषा मुलांना उत्तम यायलाच हव्यात. पण इंग्रजी शिकणे वेगळे आणि इंग्रजीतून सगळे शिकणे वेगळे. इले-इफेच्या मुलांनी हा फरक दाखवून दिला आहे.

म्हणून आमची मागणी तीन ओळींची आहे. गोळी आणि जेवण वेळेवर मिळू द्या. प्राथमिकच्या साऱ्या इयत्ता घरच्या भाषेत होऊ द्या, मराठी शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरा आणि पुस्तके जूनमध्येच पोचवा. कन्नड आणि इंग्रजी शिकवायला त्या भाषांचे जाणते शिक्षक द्या. पहिल्या दोन मागण्या एकमेकींवाचून लंगड्या आहेत, हे बुसियाच्या शाळांनी दाखवले.

गावोगावच्या शाळा सुधारणा समित्यांनी येत्या बैठकीत हजेरीपटाबरोबर आणखी एक गोष्ट तपासावी. तिसरीतल्या प्रत्येक मुलाला एक पान वाचायला द्यावे आणि वाचून काय कळले ते त्याच्याच शब्दांत विचारावे. जे मूल सांगू शकणार नाही, त्याच्यापासून कामाला लागावे.