पदवीचा प्रबंध आणि भट्टीचा हिशेब

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीला चौथे वर्ष जोडले, ‘संशोधनासह ऑनर्स’साठी बारा श्रेयांकांचा प्रकल्प ठेवला, आणि स्टाफरूममध्ये कुरकुर सुरू झाली : ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडची मुले अर्थशास्त्रात संशोधन काय करणार? इकडून तिकडून उचलतील आणि फाइल भरतील.

फाइल भरली जाईल ही भीती खोटी नाही. ‘ग्रामीण भागातील महिला बचत गट : एक अभ्यास’ असा विषय दिला की प्रस्तावनेसकट सगळे तयार मिळते. पण दोष विषय देणाऱ्याचा. तो मुलांच्या कुवतीवर ढकलणे फक्त सोयीचे आहे. मद्रास विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक गिल्बर्ट स्लेटर यांनी विद्यार्थ्यांनाच आपापल्या गावांची पाहणी करायला लावले. त्यातून १९१८ साली दक्षिणेतल्या खेड्यांवरचा ग्रंथ निघाला, आणि त्यांतल्या गावांची १९३०च्या दशकात फेरपाहणी करण्याइतका तो पुढच्यांच्या कामी आला.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. वीस घरांच्या पाहणीतून सिद्धान्त निघत नाही, म्हणे. नाहीच निघत. चुकीचा प्रश्न मात्र पकडता येतो. वीटभट्टीचेच घ्या. दिवाळी उलटली की दोन्ही तालुक्यांतली कितीतरी कातकरी कुटुंबे भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. बयाणा आधीच घेतलेला असतो. भट्टीवर आठवड्याची खर्ची मिळते. काम नवरा-बायकोच्या जोडीचे, मजुरी हजार विटांमागे, आणि शेवटच्या हिशेबात बयाणा-खर्ची वजा. अशा घरी ‘तुमची रोजची मजुरी किती?’ असे विचारले तर आकडा मिळेल, पण तो कशाचा हे सांगता येणार नाही. बाईची मजुरी तर वेगळी लिहिलेलीच नसते. बरे, फेब्रुवारीत गेलात तर दाराला कुलूप. २०११ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीदरम्यानच झाली होती! पाड्याशेजारी वाढलेल्या मुलीला हे वेगळे शिकवावे लागत नाही. शहरात बसून प्रश्नावली बनवणाऱ्याला लागते.

विषय नाहीत, ही तक्रार तर ऐकूनच घेऊ नये. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा धरणे शहापुरात, उन्हाळ्यात टँकरही शहापुरातच. पाण्यामागे जाणाऱ्या बाईच्या वेळेची किंमत कुणी मांडावी? समृद्धी महामार्गात जमीन गेलेल्यांचा मोबदला घरात गेला, गाडीत गेला की दुसऱ्या जमिनीत, हे गावातल्या मुलाइतके नेमके कोण विचारील?

माझा आक्षेप वेगळाच आहे. या प्रकल्पासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे. जिला भट्टीचा हिशेब तोंडपाठ, तीच मुलगी या अटीत बाहेर राहण्याची शक्यता जास्त. अट सैल करा. प्रबंध मराठीत लिहू द्या. आणि तोंडी परीक्षेआधी त्याची एक प्रत त्या गावच्या ग्रामपंचायतीत वाचायला ठेवा. बाहेरच्या परीक्षकाला न दिसणाऱ्या चुका तिथले लोक काढतील.